गोणीला हात नसतात

सुलूमावशी कोथिंबीर निवडायच्या आधीसुद्धा कोपरापर्यंत हात धुवायच्या. बोटांत बोटं घालून, नखं तळव्यावर घासून, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत. मग नळ कोपराने बंद करायच्या, म्हणजे तो धड बंद व्हायचाच नाही, आणि दोन्ही हात छातीसमोर उभे धरून स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सात महिन्यांचं पोट घेऊन कॉटवर आडवी होते आणि मला धडकीच भरली. ही बाई आता माझं काय करणार? त्या म्हणाल्या, "जुडी दे गो इकडे."

चौतीस वर्षं त्या घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात ऑपरेशन थेटरातल्या आया होत्या. ते प्रसूतिगृह बंद पडून जमाना झाला, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे, पण मावशींच्या अंगातून थेटर काही गेलं नव्हतं. ऑपरेशनला त्या 'टेबल' म्हणायच्या. "तुझं टेबल कधीचं दिलंय?" आणि अख्ख्या जगाला पेशंट म्हणायच्या. खोकणारा दूधवाला पेशंट, टीव्हीवर नवऱ्याशी भांडणारी बाई पेशंट, आमचा फ्रिज गार व्हायचा थांबला तेव्हा तोसुद्धा पेशंट.

आणि मोजणं. बाप रे, ते मोजणं. थेटरात पोट उघडल्यावर रक्त टिपायला कापडाचे तुकडे आत जातात. किती आत गेले आणि किती बाहेर आले, हे पोट शिवायच्या आधी मोजावं लागतं. एक सिस्टर मोजायची, एक मावशी मोजायच्या, दोघींचा आकडा जुळला की मग टाका. चौतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही, हे त्या दर दोन दिवसांनी सांगायच्या. "मोजून आत, मोजून भायर," असं त्यांचं ब्रीद होतं. कपड्यांचे चिमटे, कुकरच्या शिट्ट्या, चहाबरोबरचे बशीतले बटर, सगळं मोजून. एरवी मुंबईची सरळ मराठी बोलणाऱ्या मावशी राग आला किंवा माया आली की मालवणीत घसरायच्या, त्यामुळे त्यांना नक्की काय आलंय ते चेहरा बघूनच ठरवावं लागायचं.

आमची बिल्डिंग विक्रोळीची, चार मजली, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दोनच घरं, एक आमचं आणि समोर मावशींचं. लग्न होऊन मी इथे आले त्याला दोन वर्षं झाली होती, पण आमची ओळख 'काय, जेवलात का' याच्या पुढे गेलेली नव्हती. मी सकाळी आठला अंधेरीच्या ऑफिसला निघायची, रात्री परत. मावशी दार उघडं टाकून स्टुलावर बसलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, हिला काही कामधंदा नाही.

सातव्या महिन्यात एका दुपारी मला रक्त गेलं. दुखलं काहीच नाही, नुसतं रक्त. निलेश, माझा नवरा, घरी होता म्हणून बरं. चार मजले उतरून, टॅक्सी करून कसे पोचलो ते मला आठवायचंही नाही. सोनोग्राफीत कळलं, वार खाली आहे. बाळाला पोसणारी वार पिशवीच्या तोंडावरच आडवी बसली होती. पाच दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळंतपण सिझरनेच होणार, सदतिसाव्या आठवड्यात, मंगळवारचा दिवस ठरवून टाकू. तोवर घरात पडून राहायचं. जिना फक्त आज एकदा चढायचा, हळूहळू, आणि मग ऑपरेशनच्या दिवशीच उतरायचा. पुन्हा रक्त गेलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, कारण मग बाळाला आणि मला, दोघांनाही धोका.

माझी आई नाही. सासूबाई चिपळूणला, अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूंच्या मागे. मुलुंडला निलेशच्या आत्याचं तळमजल्यावरचं घर होतं, पण नेमक्या तेव्हा तिच्या नातवाला कांजिण्या आल्या. म्हणजे चौथा मजला. निलेश हातात प्लास्टिकचं स्टूल घेऊन मागे आणि मी पुढे, प्रत्येक वळणावर बसत बसत आम्ही वर चढलो. शेवटच्या वळणावर मान वर केली तर मावशी कठड्याशी उभ्या. माझ्याकडे न बघता निलेशला म्हणाल्या, "बाहत्तर पायऱ्या. आता दीड महिना ही माझी पेशंट."

आणि मी अडकले. दुसरा शब्द नाही त्याला. डाव्या कुशीवर झोपायचं म्हणून तोंड भिंतीकडे. भिंतीला कपाट, कपाटाच्या आरशात माझंच पोट. उठून खिडकीशी गेलं तर लांबवर खारफुटीची हिरवी रेघ आणि हायवेचा आवाज. संडासला जाताना दर वेळी देवाचं नाव घ्यायचं आणि लाल दिसलं नाही की सुटल्यासारखं वाटून परत येऊन पडायचं. निलेश सकाळी कामावर गेला की संध्याकाळपर्यंत माझी दुनिया म्हणजे ती कॉट. मी चिडायची, रडायची, निलेशला नाही नाही ते बोलायची. तो बिचारा डबा भरून देऊन जायचा.

मावशी बरोबर दहाला यायच्या. त्यांच्या दारापासून आमच्या कॉटपर्यंत एकोणीस पावलं, हे त्यांनीच मोजलेलं. गुडघे गेले होते त्यांचे. एक पाऊल टाकलं की भिंतीला हात, दुसरं टाकलं की दाराला हात, अशा त्या यायच्या. हात धुवायच्या. मग माझी तालीम सुरू.

पहिला धडा वाकायचा. "पाठीत सुई देतील. त्या वेळी भाकरीच्या तव्यासारखी ताठ बसलीस तर दोन-दोनदा टोचतील. कोळंबी बघितलीस ना? तशी वाक. हनुवटी छातीला, खांदे सैल." मी कॉटच्या कडेला पोट सांभाळून वाकायची आणि मावशी माझ्या समोर उभ्या राहून खांदे धरायच्या. "हेच काम माझं. समोर उभं राहायचं आणि पेशंटला धरायचं. माझ्या खांद्यावर दात रोवलेत बायकांनी."

दुसरा धडा उठायचा. टाके असताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या जोरावर. तिसरा खोकायचा, पोटाशी उशी दाबून. मी म्हटलं, खोकायला पण शिकवणार? तर म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी शिंक आली की माझी आठवण काढशील."

पण खरी गंमत आवाजांची. मावशी स्टुलावर बसून अख्खं थेटर तोंडाने वाजवायच्या. स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरतं ते, स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटा टाकल्याचा आवाज, नळीतून पाणी ओढल्याचा सुर्र. "हा आवाज आला की घाबरायचं नाही, पिशवीतलं पाणी ओढतायत. एसी असतो, दात वाजतील, वाजू देत. हात दोन्ही बाजूंना पट्ट्याने बांधतील. नाहीतर पेशंट मध्येच हात घालते. दुखणार नाही, पण कळेल सगळं. डब्यातले तांदूळ कोणीतरी ढवळतंय असं वाटेल." मग कॉटकडे वाकायच्या. "आणि बाळ भायर काढल्यावर लगेच रडत नाही हां. मध्ये सगळं गप्प होतं. त्या टायमाला पेशंट मरून जाते भीतीने. तेव्हा तू मोजायचं. एक, दोन, तीन. मी तेच करायची."

"किती मोजायचं?"

"रडेपर्यंत."

सासूबाईंचा रोज फोन यायचा. त्यांना सिझर मान्यच नव्हतं. गावातल्या कुठल्यातरी बाईची वार म्हणे आपोआप वर सरकली होती, तेव्हा देवाला साकडं घाला, घाई करू नका, आजकालचे डॉक्टर काय, उठसूट कापतात. मी ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर उशीत डोकं खुपसायची. एकदा मावशी तिथेच होत्या. त्यांनी फोन मागून घेतला. "विहीणबाई, नमस्कार. मी समोरची परब. तुमच्या घराच्या दारात कपाट आडवं पडलंय असं समजा. माणूस आत आहे. तो बाहेर कसा काढाल? वाट बघत बसाल, कपाट सरकतंय का म्हणून? नाय ना? खिडकीतूनच काढाल ना? मग." सासूबाईंनी विचारलं, खिडकी नीट बंद करतात ना नंतर. "चौतीस वर्षं मोजून बंद केलीय," मावशी म्हणाल्या. त्या दिवसापासून सासूबाई फोनवर आधी मावशींची चौकशी करायच्या, मग माझी.

भाजी मावशी गॅलरीतून घ्यायच्या. दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडायच्या, वरून ओरडायच्या, भाजीवाला भरायचा, मावशी ओढायच्या. केळी आली की वर मोजायची आणि एक कमी असलं तर पिशवी परत खाली. महिनाभर हे बघितल्यावर मला प्रश्न पडला आणि मी विचारलं, मावशी, तुम्ही खाली शेवटच्या कधी गेलात?

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. वाटाणे सोलत होत्या, मान वर केली नाही.

तीन वर्षं. मी महिन्याभरात वेडी व्हायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते, त्यांचा मुलगा नाशिकहून तारीख घेऊन आला होता, आणि मावशींनी नाही म्हणून सांगितलं होतं. मुलाकडे राहायला जायचं तरी उतरायला हवं, तेही नाही. उचलून नेऊ म्हणाला तर, मी काय पालखीतली देवी आहे का, म्हणाल्या. मी कारण विचारलं. त्यांनी साल टाकत टाकत सांगितलं, "मी आतून बघितलंय गो टेबल."

माझं डोकंच फिरलं. सकाळीच थोडा लाल डाग दिसला होता, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या एवढ्याने घाबरू नका, आणि मी आतून पार घाबरलेली होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मला रोज सांगता घाबरू नको, घाबरू नको, आणि स्वतः तीन वर्षं घाबरून बसलाय? मग मी का म्हणून तुमचं ऐकायचं?"

मावशींनी वाटाणे तसेच ठेवले. भिंतीला हात, दाराला हात. एकोणीस पावलं. दार लागल्याचा आवाज आला. आमच्या मजल्यावर दिवसा त्यांचं दार लागलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. त्या दोन दिवसांत मला समजलं की माझं डोकं जाग्यावर होतं ते कोणामुळे. निलेशला म्हटलं, जा, माफी मागून ये. तो म्हणाला, भांडलीस तू, मी का मागू? तिसऱ्या दिवशी दहाला मावशी आल्या, हात धुतले, स्टुलावर बसल्या आणि भांडण तिथूनच पुढे चालू केलं.

"तुका पर्याय नाय, माका आसा. पर्याय असलो काय माणूस भियाता. समाजलंस? तू भियालंस तरी मंगळवारी टेबलावर जातलंस. मी नाय म्हटलंय तर माका कोण नेतलो?" मग वाटाण्यांचं ताट मागितलं. ते कधीच शिजवून संपलं होतं. "वाकून दाखव," त्या म्हणाल्या. मी वाकले.

मंगळवार जवळ आला तशी खाली उतरायची काळजी लागली. आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. हे बिल्डिंगला पूर्वीच कळलेलं होतं, एकदा मधल्या वळणावर अडकून उभं करावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालून उतरू नका, खुर्चीत बसवून आणा. मावशींनी ते अक्षरशः मनावर घेतलं. प्लास्टिकची खुर्ची त्यांनी बघताक्षणीच नापास केली. त्यांच्या नवऱ्याची सागवानी, हातांची खुर्ची माळ्यावरून काढली. निलेशला झाडूचा दांडा देऊन आठही वळणं मोजायला पाठवलं. पहिल्या मजल्यावरचे सावंत आणि तिसऱ्यावरचे गुप्ताजी यांना रविवारी सकाळी वर बोलावलं. सावंत पालिकेत, गुप्ताजींचं फरसाणचं दुकान. दोघंही चहा पिऊन येतो म्हणाले तर, आधी उचला, मग चहा.

माझं वजन चौसष्ट किलो. तांदळाच्या पंचवीस किलोच्या दोन गोण्या, वर दहा किलो आटा आणि साखरेच्या चार पिशव्या, असं सगळं खुर्चीत बसवून मावशींनी ते जुन्या साडीने आवळलं. बाहेरून आवाज येत होते आणि मी कॉटवर पडून ऐकत होते. सगळ्यात वर मावशींनी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला.

"मौसी, ये किसलिए?" गुप्ताजींनी विचारलं.

"पाणी सांडलं तर परत वर."

पहिल्या खेपेला दुसऱ्याच वळणावर सांडलं. परत वर. निलेश खुर्चीची पाठ धरून मागे, सावंत पुढचे पाय धरून पुढे, गुप्ताजी बदली. मावशी कठड्याला टेकून वरून मोजत होत्या, प्रत्येक आकड्याला एक पायरी, नऊवर वळण, थांबा, श्वास घ्या, पुढे. दुसऱ्या खेपेला पहिल्या मजल्यावर सांडलं. सावंत बोलले, मावशी, वहिनींच्या डोक्यावर तांब्या नसणार. पण तिसऱ्या खेपेला बाहत्तरवर खालून गुप्ताजी ओरडले, एक बूंद नहीं गिरी. मावशी आत आल्या, कॉटशी उभ्या राहिल्या. घामाने डबडबल्या होत्या. "झाली तुझी डिलिव्हरी," म्हणाल्या. सहा आठवड्यांत मी पहिल्यांदा मनापासून हसले.

मंगळवारी सकाळी सातला मी खुर्चीत बसले. मावशींनी माझी वेणी घातली, बांगड्या उतरवून रुमालात मोजून निलेशकडे दिल्या, आठ. साडीने कमरेपाशी मला बांधलं. निलेशचा चेहरा पांढरा पडला होता. "भिया नको," त्या म्हणाल्या, नक्की कोणाला ते कळलं नाही. मग कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "एक."

खुर्ची मागे कलली आणि पुढे सगळा जिना उघडा पडला. गोणीला काय दिसणार, मला दिसला. पायांखाली काही नाही, सावंतांचं डोकं, त्यांच्यापुढे पायऱ्या, पायऱ्यांच्या खाली पायऱ्या. सातपर्यंत मी दम धरला. पहिलं वळण झालं. पुढच्या पायऱ्यांवर, चौदावर, का पंधरावर, माझा उजवा हात आपोआप बाहेर गेला आणि मी कठडा धरला. घट्ट. खुर्ची त्या हाताभोवती गर्रकन फिरली, सावंतांचा पाय सुटला, निलेश ओरडला. गुप्ताजींनी खांदा लावला म्हणून आम्ही थांबलो. नाहीतर काय झालं असतं ते मी आजही पुरतं मनात आणत नाही. तिघांनी मला कशीबशी तिसऱ्या मजल्यावर टेकवली.

"रुपाली, हात सोड," निलेश म्हणत होता. सुटेना. मला ऐकू येत होतं, समजत होतं, पण ती बोटं काही माझी राहिली नव्हती. मी नुसती म्हणत होते, मला वर न्या, मला नाही जायचं, मला वर न्या. आणि वर म्हणजे कुठे, तर जिथून सुटायला मी सहा आठवडे तडफडत होते तिथे.

वरून मावशींचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "हात. गोणीला हात नसतात. चुकलंच माझं."

मग कापड घासल्याचा आवाज. मी मान वर केली. मावशी पायरीवर बसल्या होत्या. साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, दोन्ही हात मागे टेकवलेले. एक पायरी खाली सरकल्या. मग अजून एक. तोंड वेडंवाकडं होत होतं प्रत्येक पायरीला, पण ओठ मोजत होते. लहान मुलं उतरतात तशा बसत बसत त्या अठरा पायऱ्या उतरून माझ्या खुर्चीशी आल्या. गुप्ताजी हात द्यायला गेले तर मान हलवली.

"ओलं लागतंय खाली?"

मी नाही म्हटलं.

"नक्की?"

"नाही लागत."

त्यांनी कमरेचा पांढरा नॅपकिन काढला. कठड्यावरचं माझं एक एक बोट सोडवलं, हळू नाही, चांगलं जोरात. दोन्ही हात पोटावर ठेवून नॅपकिनने बांधले. "टेबलावर पण बांधणारच आहेत. इथूनच सवय. आता ह्या हातांनी फक्त बाळाला धरायचं. उचला रे."

"तुम्ही येणार ना?" मी विचारलं. "तुम्ही नाही आलात तर मी नाही जाणार." एवढी थोरली बाई मी, अंधेरीच्या ऑफिसात दहा माणसं माझ्या हाताखाली.

मावशींनी खाली जिन्याकडे बघितलं. तीन वर्षं त्यांनी तो फक्त वरून बघितलेला होता. "एकोणीस," त्या म्हणाल्या.

खुर्ची पुढे आणि मावशी मागे. मला त्या दिसत नव्हत्या, पाठीमागे कापड घासत होतं आणि आकडा येत होता. पन्नासनंतर आकडा नुसता श्वासासारखा यायला लागला, पण आला. बाहत्तरला मी तळमजल्यावर होते, दारात टॅक्सी होती. निलेशने मला आत बसवलं. टॅक्सी निघताना वळून बघितलं तर मावशी शेवटच्या पायरीवर बसून पाय पसरून उन्हाकडे बघत होत्या, डोळे बारीक करून.

ऑपरेशनचं मी फार सांगत नाही. कोळंबीसारखी वाकले, एकदाच टोचलं. चाक कुरकुरलं, ट्रेमध्ये चिमटा पडला, नळीने सुर्र केलं. डब्यातले तांदूळ ढवळले गेले. मग सगळं गप्प झालं. एक, दोन, तीन. हात बांधलेले. अकरा, बारा. पडद्यापलीकडे कोणी काही बोलत नव्हतं. एकोणीसवर मुलगी रडली आणि तिच्यामागून मी.

खालचं सगळं सावंतांनी नंतर सांगितलं. मावशींना म्हणे वर चला म्हटलं तर हलेनात. खुर्ची पुढे केली तर तिच्यात बसेनात. बाळ रडलं असा फोन आल्याशिवाय मी इथून उठणार नाही, म्हणाल्या. साडेतीन तास त्या बिल्डिंगच्या दारातल्या बाकावर बसल्या. दोन कटिंग चहा प्यायल्या. भाजीवाला भेटायला आला, तीन वर्षांनी त्याला त्यांचा चेहरा जवळून दिसला. समोरचं झाड कोणी तोडलं म्हणून त्यांनी सावंतांना झापलं. निलेशचा फोन आला, मुलगी, दोघी बऱ्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "आत गेलेलं सगळं भायर आलं ना? मोजलं ना?" निलेशने काय समजून हो म्हटलं देव जाणे. मग त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःच सांगितलं, माझे हात बांधा.

दोन महिने मी मुलुंडला आत्याकडे होते. परत आले ती माझ्या पायांनी, मुलीला घेऊन. मावशींनी हात धुतले, मुलीला घेतली, बोटं मोजली, वीस, आणि परत दिली. मी म्हटलं, मावशी, आता गुडघ्यांचं करू या, मी येते बरोबर, मी समोर उभी राहते. "बघूया," त्या म्हणाल्या. नंतर जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा बघूया. मलाही ऑफिस होतं, मूल होतं. मी विषय काढायचं तेही हळूहळू कमी झालं. खरं सांगायचं तर मला राग यायचा. एकदा उतरलात ना, मग?

मुलगी दहा महिन्यांची झाली आणि आम्ही मुलुंडला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये जागा घेतली. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. मी मुलीला कडेवर घेऊन मावशींच्या पाया पडले. त्यांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली, दोन खडे. "जा आता, टॅक्सी थांबलीय," म्हणाल्या. मी उतरायला लागले तशी वरून मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. मीही मोठ्याने म्हणत होते, मुलगी हसत होती. दुसऱ्या मजल्याखाली आवाज ऐकू येईनासा झाला.

तळमजल्यावर थांबून मी जिन्याच्या मधल्या फटीतून वर बघितलं. चार मजले वर मावशींचा चेहरा काही दिसत नव्हता. दिसत होते ते दोन हात. कठड्यावर, शेजारी शेजारी, आणि बोटं इतकी घट्ट आवळलेली की खालूनसुद्धा कळत होतं. ती बोटं मी ओळखत होते. ती एक एक करून सोडवायला कोणीतरी वर जायला हवं होतं. मुलगी रडायला लागली, निलेशने टॅक्सीचा दरवाजा उघडला, आणि मी आत बसले.